रक्त सांगंल म्हणून

रायभान : तुमची नळीच वाकडी असंल, डाक्टरसाब. न्हाईतर आकडा असा चढंल कामून?

डॉक्टर : नळी वाकडी असली तर आकडा चढतो, हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. म्हणून तर आज रक्त दोनदा लावलं. दुसऱ्या वेळी गवंड्यासारखा ओळंबा धरून नळी उभी केली. दोन्ही वेळा बासष्टच आलं, रायभानजी.

रायभान : मागल्या खेपंला, थंडीत, पंचेचाळीस व्हतं. तवा तुमी म्हणलात, खोकल्याचं औषध घ्या, आकडा उतरंल. खोकला तर कवाच गेला. तुमी म्हणलात, परभणीला न्हिऊन छातीचा फोटू काढा. सुनंला आगगाडीत घालून न्हेलं. तिथले डाक्टर म्हणायलेत, छाती साफ हाय. बेडका तुमीच तपासला, तोबी साफ. मग हे बासष्ट आलं कुठून?

डॉक्टर : फोटो काढायला मी त्याच आठवड्यात जा म्हणालो होतो. तुम्ही गेलात आत्ता, उन्हाळ्यात.

रायभान : मधी जत्रा आली. मग घरी ठिवलेली मेंढरं कातरायची आली. आमचा पोरगा बिरू कळप घिऊन गोदागंगंच्या काठानं खाली गेलेला. घरी मी एकटा बापय. कसं जावं?

डॉक्टर : बरं, ते जाऊ द्या. हे बासष्ट मलाही कळत नाही, हे खरं आहे.

रायभान : घ्या! डाक्टरालाच कळंना, तर राणीसावरगावच्या धनगरानं कुणाच्या तोंडाकडं बघावं? निजामाच्या राजात असल्या नळ्या नव्हत्या. माणूस कशानं मरायलंय ते कळत नव्हतं, पर आकड्याचं भ्या तरी नव्हतं.

डॉक्टर : बसा. उभ्यानं भांडू नका माझ्याशी. पाणी घ्या.

रायभान : एक इचारू का? हे बासष्ट म्हंजी नेमकं काय? आमच्या कारभारणीला, केवळाबाईला, वाटतंय, शंभर झाले की माणूस खलास. म्हंजी आता अडतीस ऱ्हायले. मागच्या वक्ती पंचेचाळीस ऐकूनच तिनं कपाळावर हात मारून घेतल्ता.

डॉक्टर : तसं काही नाही हो. हे मी मागेच सांगायला हवं होतं. बघा, सुनेच्या हातातून रक्त काढलं. ते गोठू नये म्हणून त्यात औषध घातलं, आणि ह्या बारीक नळीत उभं करून ठेवलं. पुराचं गढूळ पाणी तुम्ही रांजणात भरता, तेव्हा काय होतं?

रायभान : गाळ खाली बसतो. वर निवळ ऱ्हातं.

डॉक्टर : तसंच. रक्तातलं तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाणी राहतं. तासाभरात तांबडं जेवढं खाली उतरलं, तेवढा आकडा. धडधाकट बाईचं पंधरा-वीस उतरतं. अंगात काही चाललेलं असलं की भराभर उतरतं.

रायभान : काही चाललेलं म्हंजी क्षय.

डॉक्टर : काही म्हणजे काहीही. क्षय असेल, सांधे सुजले असतील, कुठं पू धरला असेल. नुसतं अंगात रक्त कमी असलं तरी चढतो. तुमच्या मेंढवाड्यावर रात्री कुत्रं भुंकतं की नाही?

रायभान : भुंकतं की. आमचं कुत्रं लय इमानी हाय.

डॉक्टर : कोणीतरी आलंय, एवढंच ते सांगतं. लांडगा आलाय की पाहुणा, ते सांगतं का?

रायभान : ते कंदील घिऊन आपुन जाऊन बघावं लागतंय.

डॉक्टर : मग झालं तर. हा आकडा म्हणजे ते भुंकणं. थंडीत सूनबाईला खोकला होता, बारीक ताप होता, त्यात हे भुंकणं ऐकलं आणि मी म्हणालो, क्षय असू शकतो.

रायभान : असू शकतो का नसू शकतो, ते आमाला काय कळतंय? आमी क्षय ह्येवढंच ऐकलं. माझा थोरला भाऊ त्याच रोगानं गेला. खोकून खोकून घोंगडीवर रक्त सांडायचं. त्याच्या मागनं त्याची बायकू गेली. मी तवा मिसरूड न फुटलेला. ते इसरत न्हाई, डाक्टरसाब.

डॉक्टर : भांडी वेगळी ठेवा, खोकताना पदर धरा, हे सांगितलं होतं मी. बस, एवढंच.

रायभान : आमी माणूसच येगळं ठिवलं.

डॉक्टर : म्हणजे कसं?

रायभान : गावाच्या भायर आमचा मेंढवाडा हाय. काट्याच्या कुपाच्या पल्याड एक खोप बांधून दिली. तिथं ऱ्हाती. केवळाबाई कुपावरनं भाकर-कोरड्यास ठिवती आन् मागं सरती. पाण्याचा घडा मी भरून ठिवतो. उपाशी न्हाई ठिवली कवा. बिरोबाची आण.

डॉक्टर : थंडीपासून? एकटी?

रायभान : कुत्रं व्हतं की तिच्यापाशी.

डॉक्टर : आणि तिची लहान मुलगी? मागच्या वेळी कडेवर होती ती?

रायभान : अंबू. अंबू घरी हाय.

डॉक्टर : ती तर अंगावर पीत होती.

रायभान : तोडली. काय करावं मग? आमी मेंढरामागची माणसं, आमाला एकच रीत ठावं. मेंढी आजारी पडली की कळपातनं भायर काढायची, आन् तिचं कोकरू दुसरीला लावायचं. न्हाईतर दोनीबी जात्यात. मी तेच केलं. तुमच्या हितून गेलो, गाडी मेंढवाड्यावर न्हेली आन् तिच्या मांडीवरनं लेकरू वढून घेतलं. ते मेंढरावानी वरडायलं. मी मागं वळून बघितलं न्हाई.

डॉक्टर : तुम्ही मला विचारायचं तरी.

रायभान : तुमाला इचारूनच तर केलं म्हणा की! रोग तुमीच सांगितला.

डॉक्टर : हो. मीच सांगितला.

रायभान : पयलं पयलं अंबूला कुपापाशी न्हिऊन लांबून दावायचो. आईला बघितलं की लय रडायची, दम कोंडायचा. म्हणून बंद केलं. आता न्हाई रडत. केवळाबाईलाच आई म्हणायली.

डॉक्टर : रायभानजी, आता मी जे विचारतो त्याचं उत्तर घाईनं देऊ नका. सूनबाईला पाळी वेळेवर येते का?

रायभान : हे तुमी मागंबी इचारल्तं.

डॉक्टर : विचारलं होतं. ती समोर बसली होती. मी तिला विचारलं आणि उत्तर तुम्ही दिलंत. म्हणालात, लेकीसुनांना असलं विचारू नका, समदं बराबर हाय.

रायभान : मग काय म्हणायचं व्हतं? सून सासऱ्याम्होरं बोलती का कुठं? नऊ वर्साची असताना लगीन होऊन आली आमच्या घरात. अजून तिनं माझ्यासंगं एक शबूद काढला न्हाई. पदराआडनं हूं न्हाई का चूं न्हाई. चांगल्या घरच्या पोरीची रीत हाय ही.

डॉक्टर : रीत तुमची चांगलीच असेल. पण आज मला तिच्या तोंडून ऐकायचंय. कुठं आहे ती?

रायभान : भायर लिंबाखाली गाडीत बसलीया. धुरपता! ए पोरी, आत ये. डाक्टरसाब बलवायलेत.

डॉक्टर : या, धुरपताबाई. इथं बाकावर बसा. तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्यात. पाळी कधी आली होती शेवटची? नुसती मान खाली घालून चालणार नाही. बोला. हे पाहा, आता बोलला नाहीत तर मी पुन्हा तीच चूक करीन. रायभानजी, तुम्ही जरा बाहेर थांबता?

रायभान : सून परक्या बापयासंगं एकटी? कमाल करताव, डाक्टरसाब. मी पाठ करून हुबा ऱ्हातो. मंग बोलू दे तिला काय बोलायचं ते.

(रायभान उठून दाराशी जातो आणि आत पाठ करून उभा राहतो.)

डॉक्टर : झालं? मामांनी पाठ केलीय. आता बोला.

धुरपता : पाठीला कान असत्यात, डाक्टरसाहेब.

डॉक्टर : असू देत. कधी ना कधी त्यांना ऐकायचंच आहे.

धुरपता : अंबू झाल्यापासून मी भायर बसलेच न्हाई. अंगावर पाजत व्हते ना. तवा येत न्हाई.

डॉक्टर : आणि दूध तोडल्यावर?

धुरपता : तवाबी न्हाई.

डॉक्टर : घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?

धुरपता : कसं येईल? घरात असते तर सासूबाईंनी बघितलं असतं, ही कामून भायर बसंना म्हणून. मला तर कायमचीच भायर बसवली. मग कोण दिवस मोजतंय?

डॉक्टर : धुरपताबाई, तुम्हाला दिवस गेलेत का?

धुरपता : ...व्हय.

डॉक्टर : कधी कळलं तुम्हाला?

धुरपता : मालक कळप घिऊन गेले, त्याच्या मागंच कळलं. सकाळी सकाळी कोरड्या उलट्या व्हायच्या. अंबूच्या वक्ती अशाच झाल्त्या.

डॉक्टर : म्हणजे थंडीत इथं आलात तेव्हा माहीत होतं?

धुरपता : व्हय.

डॉक्टर : आता हालतं का पोटात?

धुरपता : हालतंय. भाकर खाल्ली की लय हालतंय.

डॉक्टर : अहो, मग सांगितलं का नाहीत? एक शब्द सांगायचा!

धुरपता : कुणाला सांगू? तुमी इचारलं, मामांनी उत्तर दिलं. त्यांनी एकदा बराबर हाय म्हणल्यावर मी कसं न्हाई म्हणू? त्यांचं बोलणं खोटं पाडू का चार माणसात?

डॉक्टर : खूण करायची. माझी बायको आत स्वयंपाकघरात होती, तिला सांगायचं.

धुरपता : मला वाटलं, रक्त तुमाला सांगंल.

डॉक्टर : काय?

धुरपता : तुमी हातातनं रक्त काढलं. मामांना म्हणलात, आता रक्तच समदं सांगंल. मी ऐकलं ते. मला बरं वाटलं. म्हणलं, चला, माझं मला सांगावं लागणार न्हाई. रक्त माझंच हाय, तेच सांगंल की पोटात लेकरू हाय म्हणून.

डॉक्टर : त्यानं सांगितलं होतं, बाई. त्यानं सांगितलं होतं.

धुरपता : मग?

डॉक्टर : पोटात मूल असलं की रक्त असंच भराभर खाली बसतं. आकडा चढतो. मूल वाढत जातं तसा आणखी चढतो. त्यात तुमच्या अंगात रक्त कमी. डोळे बघा, पांढरेफटक पडलेत. पंचेचाळिसाचे बासष्ट झाले ते ह्यामुळं. सगळ्या डॉक्टरांना हे शिकवलेलं असतं. मीही हैदराबादेत शिकलो आणि परीक्षेत लिहून आलो. आणि तुम्ही समोर बसलेल्या असताना मी तुमच्या तोंडून उत्तर घेतलं नाही. बाहेर माणसं खोळंबली होती. सासरे बराबर म्हणाले, मी मान डोलावली आणि पुढं सरकलो.

धुरपता : मग मला रोग न्हाई?

डॉक्टर : छाती साफ आहे, बेडका साफ आहे, खोकला नाही, ताप नाही. थंडीत साधा खोकला झाला होता, तो गेला. मला क्षयाचं काहीही दिसत नाही.

धुरपता : कवाच नव्हता?

डॉक्टर : नसावा. नव्हताच, असं मला आज वाटतं.

धुरपता : मग मी अंबूला दूध द्याला पायजे व्हतं.

डॉक्टर : दिवस गेलेले असताना दूध आटतंच पुढं पुढं. ते मनाला लावून घेऊ नका.

धुरपता : आटलं असतं तर आटलं असतं. मांडीवर तर निजली असती.

डॉक्टर : सासूबाईंना तरी सांगायचं होतं. रोज यायच्या ना भाकरी द्यायला?

धुरपता : कुपाच्या पल्याड हुब्या ऱ्हायच्या. नाकाला पदर लावून. तेवढ्या लांबून असलं वरडून सांगायचं का? रस्त्यानं माणसं जात्यात-येत्यात. आन् भ्या बी वाटायचं. क्षयवालीच्या पोटचं कशाला ठिवायचं म्हणून पाडायला काडी घातली असती कुणी, तर? मग म्हणलं, जितके दिवस झाकंल तितकं झाकू. पोट मोठं झालं की आपोआप कळंल.

डॉक्टर : रायभानजी, ऐकलंत?

रायभान : ऐकलं.

डॉक्टर : वळा आता इकडं.

रायभान : कोणत्या तोंडानं वळू?

डॉक्टर : चूक माझी आहे. क्षयाचा शब्द माझ्या तोंडून गेला. पुरती चौकशी न करता गेला.

रायभान : तुमी बोलायची चूक केली. हातानं मी केलं. डाक्टरसाब, पालमपासून ह्या गंगाखेडपातूर लोक मला बलवत्यात. मेंढी गाभण हाय का न्हाई, हात लावून सांगतो. बाजारात नुसती लांबून चालताना बघूनबी सांगतो, अन् आजपातूर कवा चुकलो न्हाई. आन् घरची सून रोज डोळ्याम्होरं. घडा भरून ठिवायला जायचो, तवा दिसायची. चालताना दिसायची. मी बघितलंच न्हाई. रोगी म्हणून एकदा ठरवलं, मग कशाला बघतोय? साप साप म्हणून भुई धोपटत बसलो.

डॉक्टर : आता पुढचं ऐका. आज तिला मेंढवाड्यावर नाही, घरी न्यायचं. घरात, माणसांत. बाजरीची भाकर, गूळ, शेंगदाणे, डाळ, दूध तापवून. मटण होईल तेव्हा काळीज तिला द्यायचं. ह्या लोहाच्या गोळ्या, जेवणानंतर. बाळंतीण झाली की सव्वा महिना जाऊ द्या, मग रक्त पुन्हा बघू. आकडा हळूहळू उतरेल, लगेच नाही. नाही उतरला तर घाबरायचं नाही, पुन्हा शोधायचं. आणि त्या वेळी मी तिला विचारीन, तुम्हाला नाही.

रायभान : इचारा. आमी हुंबऱ्याच्या भायर बसू.

डॉक्टर : गावात काय सांगाल?

रायभान : काय सांगायचं? समद्या पंचक्रोशीत झालंय, रायभानच्या सुनंला क्षय हाय म्हणून. घरी आली तरी पाणवठ्यावर बाया तिची घागर शिवू द्यायच्या न्हाईत. उद्या बिरोबाच्या देवळाम्होरं हुबा ऱ्हाऊन सांगतो, रोग तिला नव्हता, अक्कल मला नव्हती. मग तिथंच तिच्या हातचं पाणी पितो, समद्यांच्या देखत. मंग तर पटंल?

डॉक्टर : पटेल.

रायभान : तेवढं सोपं हाय. हिला काय सांगू, ते कळंना. सुनंच्या पाया पडता येत न्हाई. रीत न्हाई. पडलो तर तिलाच पाप. तुमीच सांगा तिला, डाक्टरसाब. म्हणावं, म्हाताऱ्यानं लेकरू वढून घेतलं, त्याला नींद न्हाई आता.

डॉक्टर : ती इथंच बसलीय. तुम्ही सांगा.

रायभान : ती माझ्यासंगं बोलत न्हाई.

डॉक्टर : ऐकते तर आहे ना. बोला तुम्ही.

रायभान : पोरी... धुरपता... मी वढून घेतली गं तिला. तुझ्या मांडीवरनं. तुझा हात मनगटाला धरून बाजूला सारला मी. कोकरू वढावं तशी वढली. मला माफ करू नगंस. नुसतं घरी चल.

धुरपता : तुमी वढली न्हाई, मामा.

रायभान : ...माझ्याशी बोललीस?

धुरपता : तुमी वढली न्हाई. तुमी हात धरला, तवा मीच हात सैल केले. मी घट्ट धरलं असतं तर तुमच्यानं सुटलं नसतं. मलाबी वाटलं, माझा रोग लागंल तिला. वाड्यात एकली बसून रोज तेच आठवायचं. आईनं हात कामून सैल केले?

डॉक्टर : तुमचा त्यात काही दोष नाही, बाई.

धुरपता : दोष कुणाचा हाय ते तुमी दोघं वाटून घ्या, डाक्टरसाहेब. तुमी शिकलेले हाव, ते थोरले हायेत. मला माझं लेकरू पायजे.

रायभान : चल. आत्ता चल. गाडी जुपतो. दिवस मावळायच्या आत घरी पोचू. आजच्या आज तुझ्या मांडीवर ठिवतो तिला.

धुरपता : नगं, मामा. एकदम ठिवू नका.

रायभान : कामून गं?

धुरपता : भेईल ती मला. कुणी परकी बाई आली म्हणून रडंल. आधी तुमीच घिऊन बसा तिला. मी शेजारी बसते.

रायभान : सासऱ्याच्या शेजारी? समद्या घरादेखत?

धुरपता : व्हय. ती मला वळखंस्तोर.